हेझालची दोनशे पावले

मी लेकानांचा एक जुना जोड आहे. लेकान म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची जाळी. भोवती वाकवलेल्या लाकडाचे कडे आणि आत कच्च्या चामड्याच्या वाद्यांची वीण, एवढेच माझे शरीर. पण मित्रांनो, तुर्कस्तानातल्या वान सरोवराच्या दक्षिणेच्या डोंगरात, आमच्या कानीस्पी गावात, बर्फ पडला की चार महिने माझ्याच जातीचे राज्य असते. तिथे घोडासुद्धा तबेल्यात बसून माझी वाट मोकळी सोडतो. थोडा गर्विष्ठ वाटलो तर वाटू द्या.

मला रशोने केले. तुतीची फांदी त्याने वाफेवर वाकवली, बैलाच्या कातड्याच्या वाद्या कापल्या, भिजवल्या आणि विणायला बसला. तीन वेळा त्याने माझी वीण उसवली. त्याची बायको हेझाल वैतागली. "माझ्या लग्नाच्या कपड्यांनाही एवढे दिवस लागले नव्हते," ती म्हणाली. रशो मान वर न करता म्हणाला, "ते कपडे तू एकदा घातलेस. हा जोड मला जन्मभर घालायचाय."

आठ हिवाळे मी रशोच्या पायात होतो. माझे खरे काम गवताचे. आमच्या गावाचे गवत वरच्या कुरणात कापून तिथेच गंजी रचून ठेवतात. उन्हाळ्यात ते उतरवायला धड वाट नाही. बर्फाने घळी भरल्या की माणसे वर जातात आणि भारे घसरत खाली आणतात. सगळे एका रांगेत चालतात. पुढच्याला ताजा बर्फ तुडवावा लागतो, तो माझ्यासकट गुडघ्यापर्यंत रुततो. मागचे त्याच्या वाटेवरून आरामात येतात. म्हणून प्रत्येक घराने आळीपाळीने दोनशे पावले पुढे चालायचे असा नियम आहे. दुसरा माणूस पावले मोजतो आणि "बस!" म्हणतो. मग पुढचा बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो. ज्या घराची दोनशे पावले पुरी होत नाहीत, त्या घराचे गवत सगळ्यांच्या शेवटी उतरते.

नवव्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना रशो खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. घरात तीस शेळ्या, बहुतेक गाभण. चारा उरला होता चार दिवसांचा. आणि गावाचे सगळे गवत उतरायला लागतात बारा दिवस.

रांगेचा म्होरक्या तेमो दारात आला. तो सगळ्या गावाचा आपो, म्हणजे काका. "रशो, तुझं गवत शेवटी," तो म्हणाला. "माझ्यावर चिडू नकोस. नियम माझ्या बापाच्या आधीचा आहे."

हेझाल पीठ मळत होती. "आमच्या घरातून मी येते," ती म्हणाली.

"सूनबाई, पुढं चालायचंय. लग्नात नाचायचं नाहीये."

"तुमचा नाच पाहिलाय मी, आपो. चालणं त्याहून बरं असेल."

रशोची आई हेजर रुमालात तोंड लपवून हसली. त्या संध्याकाळी तिने मला खुंटीवरून काढले आणि अगदी तंदूरच्या काठाशी ठेवले. "पोरीच्या पायाला गार लागायला नको," ती पुटपुटली. मला ओरडावेसे वाटले. कच्चे चामडे आगीजवळ वाळले की कडक होते आणि मग तडकते. पण एवढ्या मायेने केलेल्या चुकीला कोण काय बोलणार?

सकाळी अकरा जणांची रांग निघाली. हेझालचा क्रम आला तो नेमका सर्वांत उभ्या चढावर. ती पुढे झाली. मोजायला मागे स्वतः आपो होता. नव्वद पावले ठीक गेली. एक्क्याण्णवाव्याला माझी मधली वादी कडकन तुटली आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. मित्रांनो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"झालं!" मागून कोणीतरी म्हणाले. "आता शेळ्यांना बर्फ चारा."

"बाजूला हो, पोरी," आपो म्हणाला. "कुणी तुला नावं ठेवणार नाही."

हेझाल बर्फात बसली. तिने कमरेचा लाल लोकरी पट्टा सोडला. तिनेच विणलेला होता. माझ्या भोकात तो तिने खालून वर, वरून खाली असा ओवला आणि दातांनी गाठ आवळली. तिची बोटे निळी पडली होती. ती उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली.

ब्याण्णव, त्र्याण्णव. तिचा श्वास फाटत होता. दीडशेला आपो एकदम ओरडला, "दोनशे! बस!" त्या हट्टी म्हाताऱ्याला तिची दया आली होती.

हेझालने मागे वळून पाहिलेही नाही. "आपो, पन्नास खाल्लीत. नीट मोजा, नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल की बाईची पावलं कमी पडली."

रांगेत हशा पिकला. या वेळी हसे आपोचे झाले. तो खाकरला आणि मोठ्याने मोजू लागला, "एकशे एक्कावन्न!" मग मागचाही मोजू लागला, मग त्याच्या मागचा. दहा माणसे हेझालची पावले मोजत होती आणि प्रत्येक पाऊल मी झेलत होतो. तो लाल पट्टा ताणला जात होता, पण सुटला नाही. "दोनशे!" सगळे एकदम म्हणाले.

ती बाजूला झाली. जवळून जाताना आपो थांबला आणि म्हणाला, "तुझे हातपाय शाबूत राहोत." दोनशे पावले पुरी करणाऱ्याला आमच्याकडे असेच म्हणतात. मागच्या प्रत्येकाने तेच म्हटले. आमचे गवत तिसऱ्या दिवशी उतरले. वसंतात शेळ्या व्याल्या, तेव्हा तीसच्या तीस जिवंत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात आपो पुन्हा दारात आला. "या घरातून कोण?" रशोचा पाय बरा झाला होता. त्याने मला खुंटीवरून काढले, लाल पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि मला हेझालपुढे ठेवले. मग स्वतः खाली वाकून त्याने तिच्या पायात माझ्या गाठी बांधल्या.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्यासारखे कोणी तुमच्या घरात असेल तर त्याला आगीजवळ वाळवू नका. सावलीत, उंच टांगा, उंदरांचा हात पोहोचणार नाही असे. वर्षातून एकदा चरबी चोळा आणि वीण बोटाने दाबून बघा. उद्या मी कोणाच्या पायात जाईन, मला ठाऊक नाही. पण ज्याच्या पायात जाईन, त्याची दोनशे पावले माझ्यामुळे अडता कामा नयेत.