कोर्पिव्हाराच्या शाळेतलं पांढरं फडकं

हवा शुद्ध करणारी पेटी घेऊन आलेल्या याल्मारी कुउसेलानं वर्गात छताजवळच्या हवेच्या जाळीवर बांधलेलं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. पांढरंशुभ्र! महिन्यापूर्वी, पेटी बसवण्याआधी, याच जाळीवरचं फडकं चार दिवसांत काळं पडलं होतं. एरवी कॉफीचे कप धरून गप्प बसणारे कोर्पिव्हारा गावातले आईबाप चक्क टाळ्या वाजवू लागले.

"या जाळीला बसवलेल्या माझ्या पेटीत चारशे वर्षांच्या पाइनचं खोड आहे," कुउसेला आवाज खाली आणून म्हणाला. "जंगल श्वास विसरत नाही, मंडळी! आणि हा पेटीवरचा शिक्का बघा. स्वच्छतेची सर्वोच्च श्रेणी! मुलं कशी शांत झालीत, बाईंनाच विचारा."

तिसरीच्या बाई मार्केट्टा मागे उभ्या होत्या. मुलं शांत झाली होती, खरंच. अकरा वाजताच बाकांवर माना टाकत होती.

"माझी वेएरा आठवडाभर खोकली नाही," पिर्यो म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"पिर्यो, तो आठवडा शाळेच्या हिवाळी, स्कीच्या सुट्टीचा होता. वेएरा आजीकडे होती ना?" मार्केट्टा म्हणाल्या.

"बाई, एवढं एक सुख तरी राहू द्या ना!"

मार्केट्टांनी पातळ कागदाची पट्टी फाडली आणि व्हरांड्यातल्या जाळीपुढे धरली, तिथे पेटी नव्हती. पट्टी फडफडली. मग वर्गात येऊन खुर्चीवर चढल्या आणि तीच पट्टी इथल्या जाळीपुढे धरली. पट्टी लुळी लोंबत राहिली.

"जंगलाची ऊर्जा कागदाला कळत नाही," कुउसेला हसला.

"हवा कळते," मार्केट्टा म्हणाल्या. "ओइवा, स्क्रू काढ रे."

शाळेची देखभाल करणाऱ्या ओइवानं पेटी बाहेर ओढली. तिची मागची बाजू पत्र्यानं गच्च बंद होती. हवा आणणाऱ्या नळीच्या, म्हणजे डक्टच्या, मोकळ्या झालेल्या तोंडातून भस्सकन धूळ खाली आली.

"हवाच येत नाही, तर फडकं काळं होणार कशानं?" ओइवा म्हणाला. "मुलं शांत नव्हती, गुदमरत होती. आणि हा शिक्का डक्टच्या एका सुट्या भागावरचा आहे, खरवडून इथे चिकटवलाय. कारखान्यातून निघताना त्या भागात तेल, धूळ, वास नव्हता, एवढंच तो सांगतो. आपल्या डक्टवरही आहे की! पण शाळेच्या बांधकामाच्या वेळी ते डक्ट उघड्या तोंडांनी चिखलात पडले होते. तेव्हा कोणी पाहिलं?"

कुउसेलानं टोपी घातली आणि तो निघून गेला. कोणी अडवलं नाही. नगरपालिकेनं डक्ट धुण्याचं काम पुढच्या वर्षावर टाकलेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"मग मी आता काय करू, बाई?" पिर्योनं विचारलं. "तिला कुठे बसवू?"

सोमवारी बाहेर उणे बावीस अंश असताना मार्केट्टांनी खिडकी उघडली, मुलांना टोप्या-हातमोजे घालून बसवलं. वेएरा खोकतच होती. दोन आयांनी तर पेटी परत बसवा म्हणून अर्ज दिला, निदान फडकं तरी पांढरं दिसायचं!

मंडळी, शिक्का दिसला की विचारा: तपासलं काय, कधी, आणि त्यानंतर त्या वस्तूचं काय झालं? चमत्कार दिसला की कागदाची एक पट्टी धरून बघा. त्यानं लेकराचा खोकला थांबणार नाही. पण त्याचा श्वास तरी आपल्या हातानं कोंडला जाणार नाही.