ऑर्वेन विसरत नाही

सोमवारी सकाळी क्लासला निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी मीच उभी. विजेच्या खांबाला बांधलेला भलामोठा फ्लेक्स होता आणि त्यावर चुलतबहिणीच्या साखरपुड्यातला माझा फोटो, इरकल साडीसकट. मध्ये तलवार उपसलेला परदेशी वीर, त्याच्या डोक्यावर कुणीतरी गुलाबी फेटा चढवलेला. डावीकडे गॉगल लावून हात जोडलेला हमजा. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या पोरांची रांग. वर लिहिलं होतं, 'ऑर्वेन येतोय. हमजा गेमिंग झोन, शुक्रवार पेठ.' आणि माझ्या फोटोशेजारी माझ्या तोंडापेक्षा मोठ्या अक्षरांत, 'गेमिंग क्वीन शिवलीला म्हणते, १०/१०.'

ऑर्वेन गुरुवारी येणार होता. मी तो अजून खेळलेच नव्हते.

ऑर्वेन हा कॉम्प्युटर गेम. आपणच त्यातलं एक माणूस व्हायचं, गावोगाव फिरायचं, कुणाला वाचवायचं, कुणाला बुडवायचं ते आपणच ठरवायचं. त्यावर एखाद्या धरणाइतका पैसा ओतलाय म्हणतात. दोन वर्षं जाहिराती चालल्या होत्या आणि प्रत्येक जाहिरात एकाच वाक्यानं संपायची: ऑर्वेन विसरत नाही. म्हणजे तुम्ही जे कराल ते हे जग लक्षात ठेवणार. त्या वाक्यावर मी जीव टाकला होता, खोटं कशाला बोलू.

मी दिवसा एका क्लासमध्ये टॅली शिकवते आणि उरलेल्या वेळात यूट्यूबवर मराठीतून गेमविषयी बोलते. ऐकणारे फार नाहीत, पण आहेत ते विश्वासानं ऐकतात, कारण माझा एक नियम आहे. शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आता माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय खांबावर उघडं होतं.

अव्वा, माझी आई, मात्र खूश होती. ती भाजी घ्यायला मुद्दाम त्या बाजूनं जाऊन आली.

"पदर झ्याक आलाय बघ," ती म्हणाली. "पण दहापैकी दहा कशात पडले तुला?"

हमजा माझा बालवाडीपासूनचा मित्र. त्याचे वडील चांदसाब चाचा पूर्वी त्याच दुकानातून व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचे. आता हमजानं तिथं कॉम्प्युटर मांडलेत आणि चाचा नुसते गल्ल्यावर बसतात. मी तरातरा आत गेले तेव्हा त्यांनी मला नेहमीचं ऐकवलंच.

"तुझ्या अप्पानं एकदा कॅसेट रिवाइंड न करता आणून दिल्ती. माझ्या ध्यानात हाय."

माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे ही. मी हमजाकडे वळले. "ते दहा काढ."

"अगं, सगळं जग दहाच देणार हाय की. ट्रेलर बघून तूच रडली होतीस."

"ट्रेलर बघून. गेम खेळून नाही."

"मग पुढं जे देशील ते आजच दिलंस असं समज." तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "लीला, पुढच्या शनिवारी मोठा कार्यक्रम ठेवलाय. नव्या मशिनी आणल्यात. करमाळ्यावरनं पोरं गाडी करून यायलेत. तुझ्या नावावर यायलेत."

त्यानं मला चढवण्यासाठी सांगितलं असेल, पण माझं डोकं त्यानंच जास्त फिरलं. करमाळ्याची पोरं माझ्या शब्दावर येणार, आणि शब्द माझा नाहीच. लग्नातल्या जेवणाचंसुद्धा मी ऐकून कौतुक करत नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मी गेम संपवते. जो आकडा निघेल तो त्या दहावर स्वतः चढून चिकटवीन. कार्यक्रमाआधी. मग तू रडायचं नाहीस."

"चिकटव की. दहावर दहा चिकटवशील." त्यानं हात पुढे केला. मी हातावर हात मारला.

गुरुवारपासून आठवडाभराची रजा टाकली. त्या दिवशी गेम उघडला आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मी हमजाला मनातल्या मनात माफ करून टाकलं. गवताच्या पात्यापात्याला सावली होती. पाऊस पडला की माझ्या माणसाचा अंगरखा ओला व्हायचा आणि जड होऊन लोंबायचा. वाटेत मला एक घोडा मिळाला. त्याचं नाव मी सर्जा ठेवलं.

मग ताल्वा नावाचं मिठागरांचं गाव आलं. नदीला पूर आलेला, आणि गाव वाचवायचं तर बांधाचा दरवाजा ओढून बंद करायला सर्जाला जुंपायचं. तो परत येणार नाही हे आधीच सांगितलेलं. शेवटी जुंपला. दरवाजा लागला, घोडा वाहून गेला, आणि मीठ विकणारी एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, हे गाव तुला विसरणार नाही. मी हुंदके देऊन रडले.

अव्वा धावत आली. "कोण गेलं?"

"घोडा."

"कुणाचा?"

"माझा."

तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुळाचा चहा करून आणला. तेवढ्यात हमजाचा फोन. "दहा ना?" मी म्हटलं, थांब.

मी थांबले, पण बाहेर कुणी थांबलं नव्हतं. पहिल्याच दिवशी लोकांनी दहा देऊन टाकले. तिसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली, तिनं कचरा, फसवणूक असं म्हणून धोपटायला घेतलं. माझ्या चॅनेलवर दोन्ही बाजूंचे लोक मला ओढत होते. ताई, दहाच ना? ताई, फोडा यांना. दोन्हीकडचे अर्ध्यातून उठलेले होते, त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. अर्धवट वाहवा आणि अर्धवट शिवी, मला दोन्हींची सारखीच चीड आहे. मी फोन उलटा ठेवला आणि खेळत राहिले.

पुढं कितीतरी मुलूख पालथा घालून मी परत ताल्व्याला गेले. मुद्दाम गेले, गोष्टीत तसं काम नव्हतं. मला त्या म्हातारीला भेटायचं होतं. ती त्याच जागी, त्याच टोपलीशी होती. मी समोर उभी राहिले.

ती म्हणाली, "कोण गं तू परकी? मीठ घे, नाहीतर वाट सोड."

पुराआधी, पहिल्या भेटीत तिनं मला अगदी हेच म्हटलं होतं. मी पुन्हा बोलले, तिनं पुन्हा तेच म्हटलं. मला वाटलं माझंच काही चुकलं. म्हणून जुन्या जागेवरून गेम परत सुरू केला आणि या वेळी घोडा दिला नाही. गाव बुडू दिलं, डोळ्यांदेखत. पुन्हा सगळा मुलूख फिरून ताल्व्याला आले. घरं जशीच्या तशी उभी. म्हातारी जिवंत, टोपली भरलेली. "कोण गं तू परकी?"

इतका संताप मला वर्षभरात आला नव्हता. गवताच्या एकेका पात्याला सावली द्यायला गेम बनवणाऱ्यांकडे माणसं होती, पैसा होता, वर्षं होती. आणि त्या म्हातारीला दुसरं वाक्य द्यायला कुणी नव्हतं. माझं रडणं फुकट गेलं होतं. तेव्हाच्या तेव्हा कॅमेरा लावून शून्य द्यावंसं वाटलं.

नाही दिलं. नियम तो नियम. दातओठ खात शेवटपर्यंत गेले. शेवटची लढाई भव्य होती, संगीत सुरेख होतं, आणि मला कशाचंच काही वाटलं नाही. नावांची पाटी सरकून संपली तेव्हा मी कागदावर सहा लिहिला. पहिल्या भागाचं देणं होतं ते दिलं, शब्द मोडल्याचं कापलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी, दुकान रिकामं असताना हमजाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"सहा? लीला, माती करतीस गं माझी. आठ तरी कर. दोस्तीखातर."

"तू खेळलास?"

"मला कुठला टाइम? वायरी जोडू का खेळू?"

"मग बस." मी त्याला त्याच्याच नव्या मशिनीपुढे बसवलं आणि माझा गेम पुराच्या आधीपासून लावून दिला. आधी तो कुरकुरला, मग खुर्ची पुढे ओढली. घोडा जुंपायची वेळ आली तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, दुसरा काही रस्ता न्हाई का? मी म्हटलं, नाही. त्यानं घोडा दिला. म्हातारी बोलली, तसा त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

मग मी पुढचा, परत आल्यानंतरचा भाग लावला.

"कोण गं तू परकी?"

तो परत बोलला तिच्याशी. परत बोलला. "ओळखलं न्हाई की तिनं," तो हळूच म्हणाला.

"गाव बुडवलं तरी हेच म्हणते."

त्यानं माउस बाजूला सारला. मग उठला. "पण फ्लेक्स असू दे, लीला. शनिवार होऊ दे. मग तू यूट्यूबवर काय बी बोल. पोरं आली न्हाईत तर माझं काय?"

त्याची भीती खरी होती, तो काही लबाड नाही. पण मी रोज त्या फ्लेक्सखालून जात होते. भाजीवाली मला दहा पडल्याबद्दल शाबासकी देत होती. किराणावाला, जो मी पाचवीत सायकलवरून त्याच्या गुळाच्या ढेपेवर पडले ते अजून गिऱ्हाइकांना सांगतो, तो म्हणत होता, आमच्या पोरालाबी पाठवतो शनिवारी, तू म्हणतीस म्हणल्यावर. ही गल्ली काही म्हणजे काही सोडत नाही. ऑर्वेन परवा विसरला जाईल, पण मी न खेळता दहा दिले होते हे इथं माझ्या नातवंडांना ऐकवलं जाईल.

"शनिवारी सकाळी येते," मी म्हटलं. "हातावर हात मारलायस."

शनिवारी क्लासमधून छापून आणलेला मोठा सहा आणि चिकटपट्टी घेऊन निघाले. अव्वानं दारातूनच आवाज दिला, "साकु आता, लीले. दोस्त हाय तुझा." म्हणजे पुरे कर. मी म्हटलं, दोस्त आहे म्हणूनच उघड, सगळ्यांसमोर करतेय. दुकानासमोरची शिडी उचलली, खांबाला लावली आणि चढले. शिडी डुगडुगत होती. खाली चार माणसं जमली, मग दहा. मी दहाच्या आकड्यावर सहा धरला आणि पट्टी दातांनी तोडली.

तेवढ्यात खाली हमजा आला. शिडीला हात घातला तेव्हा मला वाटलं, आता हा ओढणार. मी खांब घट्ट धरला आणि म्हटलं, "चिकटवल्याशिवाय उतरणार नाही."

"चिकटव," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी शिडी दाबून धरली होती आणि डुगडुगणं थांबलं होतं. "सरळ लाव. वाकडा दिसला तर म्हणत्याल, हमजानं रागानं लावलाय."

करमाळ्याची गाडी त्याच वेळी गल्लीत शिरली. पोरं उतरून वर बघायला लागली. त्यातल्या एकानं विचारलं, दहाचं सहा का झालं? मी तोंड उघडायच्या आत हमजाच बोलला, "आत या, खेळा. पैला भाग लई भारी हाय. फक्त घोडा देताना इचार करा." दोघं-तिघं तिथूनच परत फिरले. बाकीचे आत गेले.

मी उतरले. चांदसाब चाचा उंबऱ्यात येऊन, कपाळावर हात धरून फ्लेक्स निरखत होते.

"दहाचं सहा केलंस," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात ऱ्हाईल."

"राहू द्या, चाचा," मी म्हटलं. "त्यासाठीच चढले होते."