ढाल कोणी धरायची

मुन्हो सकाळपासून देवाचा धावा करत होता. केला नसता तरच नवल! देगू शहरातल्या कचेरीत ज्या प्योसाहेबांपुढे तो मान खाली घालून उभा राहायचा, तेच साहेब त्याच्या ऑनलाइन गेममधल्या टोळीत सामील झाले होते. टोळीचा म्होरक्या मुन्हो. आणि साहेबांना हवी होती ढाल. ढालवाला म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारा. तो चुकला की अख्ख्या टोळीचं पानिपत. रविवारी किल्ल्यावर हल्ला, आणि इकडे मुन्होची बढती साहेबांच्या हातात. सांगा आता, करावं काय माणसाने?

टोळीचा नियम असा, की ढाल हवी त्याने आधी अजगराशी लढून दाखवायचं. आणि लढाईत सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरेच करायचं, मग समोरचा कितीही थोर असो. 'अहो-जाहो' करत बसायला अजगर वेळ देत नाही.

नियम मुन्होनेच केलेला. पण ढाल घेऊन पहिले साहेब उतरले, हेडफोनमध्ये त्यांचं खाकरणं ऐकू आलं आणि मुन्होच्या तोंडून कचेरीतलीच भाषा निघाली.

"साहेब, आपल्याला त्रास होणार नसेल तर जरा डावीकडे सरकण्याची कृपा..."

अजगराने फूत्कारासरशी आग ओकली. सगळे खाक.

"अरे मुन्हो, लग्नपत्रिका वाचतोयस का?" ओकहुई कडाडली. ही जिन्जू शहरातली दंतवैद्य, ढालीची दुसरी उमेदवार. पेशंटांनाही अशीच दटावत असणार.

दुसऱ्या खेपेलाही तेच. पुन्हा राख.

तिसऱ्या खेपेला साहेब सरळ अजगराच्या जबड्याकडेच धावत सुटले, आणि मुन्होचा तोल गेला. "मागे हो ना गाढवा! डोळे फुटले काय?"

साहेब मागे झाले, पण उशिरा, आणि मेले. मग ओकहुईने ढाल घेतली आणि अजगराला लोळवलं. यात ठरवायचं काय उरलं होतं? मुन्होने सगळ्यांना लिहून कळवलं, 'ढाल ओकहुईकडे. साहेबांनी मागे राहून औषधं पुरवावीत.' आणि डोकं धरून बसला. गेली बढती, बोंबला आता!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला एकट्यालाच जेवायला नेलं. सूपची भांडी रटरटत होती. मुन्होने रिवाजाप्रमाणे साहेबांपुढे चमचा आणि जेवणाच्या काड्या मांडल्या.

"ढाल मला नाहीच ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब." त्याने सांगून टाकलं. "तुम्हाला ते जमत नाही. रविवारी तुम्हाला पुढे उभं केलं तर सगळे मरतील."

साहेबांनी डोळे मिटले. "सुटलो रे बाबा!"

"अं?"

"अरे, हौस होती का मला? विभागप्रमुख माणूस, पोरांच्या मागे लपलेला कसा दिसेल? म्हणून मागितली. झोप उडाली होती माझी! बायको म्हणते, खेळायला बसताना रक्तदाबाची गोळी कोण घेतं?"

"मग सांगायचं होतं ना, साहेब."

"साहेबाने 'मला जमत नाही' म्हणायचं? इतक्या वर्षांत तोंडातून निघालंच नाही कधी. काल तू बोललास आणि छातीवरचा धोंडा उतरला बघ. आणि ते सुतकी तोंड आता पुरे. तुझ्या बढतीचा कागद मी सकाळीच वर पाठवलाय."

मुन्होला हसू आलं, डोळेही भरून आले. साहेबांनी आपल्या हाताने त्याच्या भातावर मांसाचा मोठा तुकडा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"आता सांग, औषध आधी कुणाला द्यायचं? आणि हळू सांग, मला एका दमात कळत नाही."