यजमान उभाच राहिला

मी लघवीची पिशवी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे.

सर्बियातल्या एका खेड्यात, वुकोसाव आजोबांच्या पोटरीला मला दोन पट्ट्यांनी बांधलं होतं. प्रोस्टेट वाढून त्यांची लघवी अडली होती. नळीतून माझ्यात उतरेल तेवढीच सुटका.

नेवेना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मंगळवारी या. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून अडथळा कापते, पोटावर टाकाही नाही. पण मूत्राशयाचा स्नायू थकलाय. पुन्हा तुंबलं, तर कापून उपयोग नाही. मग बेंबीखालून नळी, जन्माची."

आदल्या दिवशी सोमवारी घराण्याच्या संताचा सण आला. मेणबत्ती पेटली, उकडलेल्या गोड गव्हाचा प्रसाद वाटला गेला. या दिवशी यजमान बसत नाही. पाहुणे उठेपर्यंत उभं राहून पेले भरायचे आणि प्रत्येकाबरोबर घोट घ्यायचा. आजोबांनी तेच केलं. माझी खबर फक्त त्यांच्या बायकोला, दारिंका आजींना होती.

दुपारपर्यंत मी गच्च भरले. आता पुढचं सगळं मूत्राशयातच तुंबणार.

"अहो, आत जाऊन या ना जरा," आजी कुजबुजल्या.

"पाहुण्यांना सोडून? आणि विचारलं कुठं गेला होता, तर काय सांगू?"

"लेका वुकोसाव," शेजारचा स्रेतेन हसला, "लग्नात तरी इतका ताठ उभा होतास का रे?"

सगळे खदखदले. आजोबाही हसले, पण कपाळावर घाम होता. मी काय करणार? मला तोंड एकच, तेही तळाशी, चिमट्यानं बंद. ते उघडायला माणसाचा हात लागतो. तो हात पेले भरत होता. इतकी लाचार मी कधीच नव्हते.

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली, हातातला पेला फुटला.

इस्पितळात मला सोडवून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिथूनच ऐकलं.

"सव्वा लिटर तुंबलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्याचं ऑपरेशन रद्द. ताप उतरला की पोटातून नळी."

"जन्माची?" आजींनी विचारलं.

"बहुतेक."

आजोबा धडपडत उठायला लागले. "डॉक्टरीणबाई उभ्या आहेत, त्यांना बसायला द्या."

"पाहुणे गेले हो," आजी रडत म्हणाल्या. "आता तरी पडा."

थोड्या वेळात डबा उचलतील. माझ्या जागी येणाऱ्या पिशवीलाही आजोबांशी बोलता येणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. पाहुण्यांसमोर खुशाल उभे राहा. फक्त पिशवी भरली की एवढंच म्हणा, "बसा हं, आलोच."