तीन राजधान्या आणि एक बस

परसरामांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत फॅक्टरीची बस एकदाही चुकवली नाही, हे अख्ख्या भंडाऱ्याला माहीत होतं, कारण अख्ख्या भंडाऱ्याला ते त्यांनीच सांगितलं होतं. जवाहरनगरची बस चौकात सात दहाला यायची आणि हे डबा घेऊन साडेसहालाच तिथे हजर. बस कोणासाठी थांबत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त झाले तरी खोड कायम. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

या खोडीचा भार वाहिला चंद्रकांताबाईंनी. लाखांदूरला सख्ख्या भावाचं लग्न होतं, तर अक्षता पडायच्या आधीच नवऱ्याने त्यांना एसटी स्टँडवर नेऊन बसवलं. नाटक म्हणजे झाडीपट्टीचा जीव की प्राण, पण बाईंनी आजवर एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. पाटलाच्या पोरीचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या आनंदाबाईंना विचारायचं आणि आनंदाबाई ते भाव खात सांगायच्या.

मुलगी अपेक्षा नोकरीसाठी व्हिएन्नात राहायची. आईबाप महिनाभर आले, तेव्हा तिने त्यांना गाइडसकट एका सहलीत बसवून दिलं. एका दिवसात तीन राजधान्या: सकाळी व्हिएन्ना, मग ब्रातिस्लावा, दुपारी बुडापेस्ट, आणि त्याच बसने परत. तिला स्वतःला सुट्टी नव्हती. चंद्रकांताबाईंनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. निदान एक तरी जागा नवऱ्यासोबत शेजारी उभं राहून, पोटभर पाहायची. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

व्हिएन्नात बस थांबली. पिवळी छत्री उंच धरलेली गाइड पोरगी पुढे निघाली आणि तिच्यामागे चाळीस माणसं. परसराम दारातच थांबले.

"तू जाऊन ये. मी गाडीपाशी थांबतो," ते म्हणाले.

"काहून? ते पोरगी म्हणून राहिली ना, एक तास गाडी हालत नाई."

"म्हणतात सारेच. सुटली त?"

बाई एकट्या गेल्या. मोठ्या चर्चचं रंगीत कौलांचं छप्पर पाहून त्या जागीच थबकल्या. आंधळगावच्या कोसा रेशमाच्या लुगड्याचा काठ कोणी छपरावर पसरावा, तशी ती नक्षी होती. शेजारी वळून दाखवायला गेल्या, तर शेजारी एक जपानी म्हातारा उभा. त्यालाच दाखवलं. त्यानेही मान डोलावली बिचाऱ्याने.

ब्रातिस्लावातही तेच. टेकडीवर पांढराशुभ्र किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरूज, जणू खाट उलटी करून ठेवलेली. बाई धापा टाकत वर चढून आल्या आणि खाली पाहतात तो काय, परसराम पुलाखालच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हरला चिवडा खाऊ घालत होते. एव्हाना त्यांना बसच्या टायरचा नंबर पाठ झाला होता. ड्रायव्हरची भाषा यांना येत नव्हती, यांची त्याला येत नव्हती, पण बस कोणासाठी थांबू नये यावर दोघांचं एकमत झालेलं दिसत होतं.

बाईंना हसूही आलं आणि रडूही. माणूस सातासमुद्रापार आला आणि पार्किंग पाहून चालला.

बुडापेस्टला मात्र बाईंचं डोकं फिरलं. परसराम बसपाशीच राहिले, बाकी सगळ्यांना गाइडने नदीच्या काठावर उभं केलं. पलीकडे संसदेची इमारत, मधे मोठा घुमट, दोन्ही अंगांना सुळक्यांच्या रांगा, आणि उतरतीचं ऊन सगळ्यावर. नदी आपल्या वैनगंगेपुढे काही फार नव्हती, पण काठ डोळ्यांत मावत नव्हता. पाच वाजता बसपाशी या, असं गाइडने हाताची पाच बोटं दाखवून सांगितलं. छत्री निघाली, माणसं निघाली. चंद्रकांताबाई एका बाकावर बसल्या आणि उठल्याच नाहीत.

पाच वाजून गेले. आता त्यांना भीती वाटू लागली. भाषा येत नाही, जवळ पैसा नाही, पर्समध्ये अपेक्षाचा नंबर लिहिलेला एक कागद आणि दोन खारका. हा माणूस बस सोडून येईल? चौतीस वर्षांत जे केलं नाही, ते आज माझ्यासाठी करील? उठावं आणि धावत सुटावं, असं पायांना सारखं वाटत होतं. बाईंनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. न आला तर न आला, एकदा कळू तर दे.

सव्वापाचला परसराम धावत आले. एका खांद्यावर स्वतःची पिशवी, दुसऱ्यावर बाईंची, हातात चिवड्याचा डबा, आणि कपाळावरून घाम ओघळतो आहे.

"कांता, हरवली होती का व?"

"नाई. तुमची वाट पाहून राहिली."

ते पिशव्या खाली टाकून धप्पकन बाकावर बसले. घाम पुसत म्हणाले, "गाडी गेली. मीच म्हटलं जा. अपेक्षाले फोन लावला, ते म्हणे संध्याकाळची रेल्वे आहे, दोघं आरामात या."

बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी पर्समधून खारीक काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

परसरामांनी मान वर केली. पलीकडच्या काठाकडे पाहिलं, पाहतच राहिले. तोंडातली खारीक चावायची राहून गेली.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

गाइड इंग्रजीत बोलली होती आणि बाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण इतक्या वर्षांनी सांगायची संधी आली होती, ती त्या सोडतात कशाला. ही यांची विधानसभा, त्यांनी सांगितलं. आपल्या नागपूरसारखीच, पण यांनी हौसेनं बांधलेली. मधल्या घुमटाखाली मोठे साहेब बसतात, आणि आजूबाजूच्या सुळक्यांखाली बाकीचे, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे.

परसराम मान हलवत ऐकत होते. मग जरा सरकून बाईंच्या अगदी जवळ बसले, आणि मागची दोन गावं जिथे कुठे असतील तिकडे हात करत हळूच म्हणाले,

"आन सकाळच्या त्या दोन गावांत काय काय होतं व? पयल्यापासून सांग."