मला खोडून काढा

मी एक विधान बोलतोय. वाक्य म्हणालात तरी चालेल, पण ‘साधं वाक्य’ म्हणू नका, तेवढं मी मनाला लावून घेतो. निबंधाच्या पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मी बसतो आणि पुढची चार पानं माझ्या जिवावर उभी राहतात. आमच्या जातीची एकच अट: ‘हे चूक आहे’ असं म्हणणारा कुणीतरी हवा. ज्याच्याशी कुणी भांडत नाही ते विधान मेलेलं.

आणि माझं नशीब बघा, जन्माला आलो तो इलोइलो शहरात! इथली माणसं इतकं गोड बोलतात, की शिवी दिली तरी लाडानं हाक मारल्यासारखी वाटते. समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं तर यांच्या अगदी जिवावर येतं.

माझी मालकीण रोडालिन, बारावीतली. इंग्रजीच्या पालमारेस मॅडमनी वर्गाला एक भयकथा दिली होती. जुन्या दगडी घरात एक बाई एकटी राहते. रोज संध्याकाळी ती जेवायला बसली, की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. ती वर जात नाही. तीस वर्षांनी एकदा जाते, तर दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. ती एकीवर बसते आणि दार आपोआप लागतं. झाली कथा.

मॅडमचा नियम कडक. विधान वर्गात मोठ्यानं वाचायचं. एकानं तरी विरोध केला तर पास, नाहीतर परत. तीनदा परत आलं की निबंध बाद, आणि निबंध बाद म्हणजे शाळेच्या शेवटच्या समारंभात रांगेत जागा नाही. त्या रांगेत मुलांबरोबर आयाही चालतात. रोडालिनच्या आईनं, मर्लिंडानं, त्यासाठी जांभळा झगा शिवून घेतला होता आणि बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवूनही झाला होता.

पहिल्यांदा मी असा जन्मलो: ‘या कथेत भीतीचं वातावरण आहे.’ सगळा वर्ग प्रेमानं मान डोलवायला लागला.

“बाळ,” मॅडम म्हणाल्या, “समुद्रात पाणी आहे, असंही लिहिता आलं असतं.”

मी परत.

दुसऱ्यांदा: ‘भूत घरात नाही, बाईच्या मनात आहे.’ चांगला भारदस्त होतो हो मी! पण चाळीस मुलांत एक हात वर होईल तर शपथ. रोडालिननं आशेनं जोवेलीकडे पाहिलं. जोवेली तिची बालमैत्रीण. तिनं हसून दोन्ही अंगठे वर केले.

“अगं, तुला नाही म्हणायला काय झालं होतं?” रोडालिन सुट्टीत तिच्यावर घसरली.

“तुला? भर वर्गात?” जोवेलीचे डोळे भरून आले. “मला नाही बाई जमणार. माझा जीव आहे तुझ्यावर.”

“तुझ्या जिवापायी माझी आई झगा घालून घरी बसेल!”

त्या आठवड्यात मला अकरा वेळा रबरानं खोडलं. खोडायला माझी ना नव्हती. पण खोडणारे ढीगभर, मला हवा होता खोडून काढणारा.

गुरुवारी संध्याकाळी रोडालिन शहरातल्या ला पाझ भागातल्या बाजारात आईच्या गाड्यावर तोंड पाडून बसली. मर्लिंडा बाचोय विकते, म्हणजे शेवयांवर उकळता रस्सा. रस्सा ओतता ओतता तिनं कथा ऐकली आणि मध्येच पळी थांबवली.

“थांब. ही बाई रोज एकटीच जेवते?”

“हो.”

“आणि वर खुर्ची ओढतात. म्हणजे वरचंही कुणी जेवायलाच बसतंय ना?”

“आई, भूत आहे ते!”

“असू दे की! तीस वर्षांत एकदा तरी जिन्यातून हाक मारावी, ‘या जेवायला’. आपण रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही म्हणतो. काय मेली बाई, वळण म्हणून नाही!”

रोडालिननं चमचा टाकला आणि वही ओढली. मी तिसऱ्यांदा जन्मलो: ‘या कथेत भूत वाईट नाही, बाई माणूसघाणी आहे. तिनं एकदा जेवायला बोलावलं असतं, तर ही भयकथा झालीच नसती.’

शुक्रवारी तिनं मला वाचलं. एकेक मान डोलायला लागली. मेलो, म्हटलं. मॅडमनी वही मिटायला घेतली, तेवढ्यात जोवेली उठली.

“रोडा, माफ कर हं… पण मला पटत नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “मैत्रीखातर उठलीस, की खरंच?”

“खरंच, मॅडम. बाईचंच बरोबर होतं. बोलावलं की राहतात. वादळात आमच्या काकांना एका दिवसापुरतं बोलावलं होतं. चार वर्षं झाली! टीव्ही त्यांच्याच ताब्यात.”

“काका काय भूत आहेत?” मागून कुणीतरी ओरडलं.

“भूत परवडलं, जेवत तरी नाही!”

“मग नोव्हेंबरात मेलेल्यांना ताट मांडतो ते उगाच?”

“ताट मांडतो, राहा म्हणतो का?”

शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. भांडणही इतक्या गोड सुरात, की त्यांना वाटलं, समारंभाच्या गाण्याची तालीम चाललीय.

“पण काका आल्यापासून तुझी आजी पोटभर जेवायला लागली,” रोडालिन म्हणाली. “तूच सांगितलंस ना!”

“ते खरं आहे,” जोवेली हळूच म्हणाली. “पण टीव्ही?”

“हेच लिही, रोडालिन!” मॅडमनी टेबलावर थाप मारली. “दोन्ही बाजू लिही!”

मी जिवंत झालो. काय सांगू, मला रडूच आलं.

माझ्यामागे चार पानं उभी राहिली. शेवटी मॅडमनी लाल शाईत लिहिलं, ‘मला अजिबात पटलेलं नाही. ब्याण्णव.’ रोडालिन आनंदानं नाचली. मर्लिंडाचं मात्र डोकं फिरलं. “पटलेलं नाही म्हणजे काय?”

समारंभाला जांभळा झगा लेकीचा हात धरून मंचावर चढला. मॅडमनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. मर्लिंडानं तो धरला तो सोडेचना.

“मॅडम,” ती मधाळ आवाजात म्हणाली, “तुमचं चुकलं. त्या बाईनं बोलवायलाच हवं होतं.”

“मुळीच नाही,” मॅडम तितक्याच गोड हसल्या.

मागची सगळी रांग खोळंबली. मी रोडालिनच्या बाहीत घडी होऊन बसलो होतो आणि माझ्यावरून दोन बायका भर मंचावर भांडत होत्या. विधानाच्या जन्माला येऊन आणखी काय हवं असतं हो?

तेव्हा वाचकहो, एवढंच मागणं आहे. मला वाचून मान डोलवू नका. मी तुम्हाला पटलो नसेन, तर तोंडावर सांगा.