तिळीचा वाढदिवस

मी एक जुनी शेळी आहे. जुनी म्हणते, कारण म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. मित्रांनो, तुम्ही आजवर फाटक्या पुस्तकाची आणि मोडक्या छत्रीची गोष्ट वाचली असेल. ती बिचारी कोपऱ्यात पडून रडत असतात. मी रडणार नाही. मला एक असा मान मिळालेला आहे, जो कुठल्या छत्रीच्या वाट्याला आला नसेल. सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानाच्या कॉम्प्युटरात माझा वाढदिवस नोंदलेला आहे. तो तिथं कसा गेला आणि त्यानं काय घडवलं, तेच सांगते.

माझा जन्म वळसंगजवळच्या एका वस्तीवर, ऐन संक्रांतीच्या दिवशी झाला. माझा मालक येडू त्या दिवशी सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला निघाला होता. डोक्याला पटका बांधून झाला आणि माझी आई अडली. पटका सोडून तो तिच्यापाशी बसला तो दिवस मावळेपर्यंत. त्याची जत्रा बुडाली. आई गेली, मी जगले. मालकीण म्हाळसाबाईनं मला बाटलीनं दूध पाजलं आणि पदराखाली घेऊन निजवलं. पांढऱ्या अंगावर बारीक काळे ठिपके होते, दिवसही तसाच होता, म्हणून माझं नाव पडलं तिळी.

दर संक्रांतीला पहिला तिळगूळ मला मिळायचा. त्या घरात दुसऱ्या कुणाचा वाढदिवस होत नसे, कारण दुसऱ्या कुणाचा माहीतच नव्हता. येडूला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी त्याची जन्मतारीख एक जून अशी ठोकून दिली होती. आधार कार्डावर आणि बँकेतही तीच. येडू म्हणायचा, "ती सरकारची तारीख. आमची न्हवं."

मी काही फुकट तिळगूळ खाल्ला नाही. वेतामागून वेत जुळी पिल्लं दिली. शेजारची बजाबाई चहा पिताना माझ्या दुधाचं कौतुक करायची आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. कौतुक ऐकताना तोंड दाखवू नये, असं माझं मत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या खुरात काच घुसली. येडूनं मला टेम्पोत घालून सोलापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. परतताना त्याला म्हाळसाबाईसाठी बॅटरी घ्यायची होती, कारण अंधारात तिला दिसेनासं झालं होतं. दुकान काचेच्या दारांचं, झगझगीत. येडूनं मला दाराच्या दांडीला बांधलं आणि मी मान आत घातली. रखवालदार मला हटकत राहिला, मी त्याच्या पँटची चव बघत राहिले.

पैसे घ्यायला बसलेल्या मुलीला सगळे काव्या म्हणत होते. आवाज गोड होता पोरीचा. तिनं मोबाईल नंबर विचारला, येडूनं दिला. नाव विचारलं, दिलं. मग तिनं जन्मतारीख विचारली. येडू हसायलाच लागला.

"आमचा कुटला आलाय वाढदिवस, पोरी! वाढदिवस आसतोय आमच्या तिळीचा. संक्रांतीला."

"म्हणजे चौदा जानेवारी. तीच टाकू का काका? रिकामं ठेवलं की आमचे साहेब ओरडतात."

"टाक की. तुजं काम झाल्याशी मतलब."

मित्रांनो, आमच्या माणसांची हीच खोड. कुणी उसने पैसे मागितले तर चार दिवस विचार करतील. पण गोड बोलून काही विचारलं, तर तांब्याभर पाणी द्यावं तशी घरची माहिती देऊन मोकळे होतील.

पुढच्या संक्रांतीला येडूचा फोन वाजला. एक बाई त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती. म्हाळसाबाईला हसू आवरेना. तिनं फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, "घे बया, तुजाच हाय." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग रोजच फोन यायला लागले. कुणी कर्ज घ्या म्हणे, कुणी प्लॉट घ्या म्हणे. येडू बांधावरून पळत यायचा आणि धापा टाकत ऐकून घ्यायचा. वर कौतुकानं सांगायचा, "माजं नाव म्हाईत हाय की त्यानला!"

इकडे म्हाळसाबाईची नजर दिवसाउजेडीही जायला लागली. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचं दुखणं सांगितलं. ऑपरेशन खर्चाचं होतं. तोवर माझं दूध आटलं होतं. एके दिवशी अक्कलकोटकडचा व्यापारी चन्नवीर आला आणि त्यानं माझ्या बरगड्या चाचपल्या.

"आता हिचं काय काम, म्हाळसाव्वा? देऊन टाका की."

व्यापारी दूध आटलेली शेळी कशाला घेतो, ते आम्हाला सांगावं लागत नाही. येडूनं त्याला 'बघू' म्हणून वाटेला लावलं. शेवटी त्यानं माझे दोन बोकड विकले आणि ते पैसे ऑपरेशनसाठी बँकेत ठेवले. म्हाळसाबाईला म्हणाला, "ह्यातनं भागलं तर तिळी ऱ्हाती. न्हाय भागलं, तर तिला बी द्यावं लागंल." त्या दिवसापासून तिचे डोळे आणि माझा जीव एकाच पासबुकात होते.

मग तो फोन आला. दुपारची वेळ होती. म्हाळसाबाई लिंबाखाली बसून हातानं चाचपत शेंगा फोडत होती, मी टरफलांवर लक्ष ठेवून होते. येडूचा फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर होता.

"येडूजी, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद होणार. आत्ता मेसेजमध्ये नंबर आलाय, तो वाचून दाखवा."

येडूचं तोंड उतरलं. पटक्यात खोचलेला चष्मा काढून त्यानं डोळ्यांवर चढवला.

"घाबरू नका काका, तुमची सगळी माहिती आहे आमच्याकडे. नाव येडू, जन्मतारीख चौदा जानेवारी."

"व्हय, व्हय, सायेब," म्हणत येडूनं आकडे वाचायला सुरुवात केली. "चार... सात..."

म्हाळसाबाईचा हात शेंगांत थांबला. "अवो, थांबा! चौदा जानेवारी कुणाची?"

"माजीच की."

"तुमची एक जून हाय. बँकेत बी तीच हाय. संक्रांत तर तिळीची! कुटं सांगितली हुती तुमी?"

येडूचा आवाज खाली गेला. "त्या बॅटरीच्या दुकानात."

"फकस्त तितंच न्हवं? मग ह्यो बँकेचा कसा?"

फोनमधला माणूस घाई करत होता. येडूनं माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि फोन माझ्या तोंडापुढं धरला. "जिचा वाढदिवस हाय, तिलाच इचारा की सायेब."

मी आयुष्यात इतक्या मनापासून कधी ओरडले नव्हते. फोन लगेच बंद झाला. येडू मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हाळसाबाईनं चाचपत माझी शिंगं शोधली आणि कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. त्यानंतर कुठल्याच अनोळखी फोनसाठी येडू बांधावरून पळाला नाही.

माझी तारीख दुकानानं विकली की तिथून कुणी चोरली, ते मला ठाऊक नाही. काव्याला मात्र मी दोष देणार नाही. बँकेतल्या पैशात ऑपरेशन भागलं, आणि मग येडू म्हाळसाबाईसाठी काळा चष्मा घ्यायला त्याच दुकानात गेला. घरी येऊन त्यानं जे सांगितलं ते मी ऐकलं. तिनं पुन्हा मोबाईल नंबर विचारला, तेव्हा यानं विचारलं, "चष्म्याला नंबर कशाला लागतोय, पोरी?" ती म्हणाली, "लागत नाही काका. विचारायला सांगितलंय म्हणून विचारते." यानं झाला प्रकार सांगितला. ऐकून तिचे डोळे भरले. तिनं नंबर न घालता बिल केलं, आणि ते बिल अगदी नीट निघालं! संक्रांत जवळ आली होती. पर्समधून तिळगुळाची एक पुडी काढून तिनं येडूच्या हातावर ठेवली. "तिळीला द्या," म्हणाली.

पट्टी सुटल्यावर म्हाळसाबाई आधी माझ्यापाशी आली. काळा चष्मा वर करून तिनं मला शेपटापासून शिंगापर्यंत निरखलं. "अगं बया," ती म्हणाली, "तुजं तीळ पांढरं झालं की!" मग आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिलो. चन्नवीर पुन्हा येऊन गेला. येडूनं त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

म्हणून मित्रांनो, ह्या जुन्या शेळीचं एवढं ऐका. दुकानात कुणी नंबर, नाव, तारीख विचारली, तर रागावू नका, पण हसून एकदा विचारा, "कशाला लागते?" वस्तू घेतली, पैसे दिले, हिशेब तिथंच मिटतो. आणि वाढदिवस लपवून ठेवा असं मी म्हणत नाही. जरूर सांगा. पण त्याला सांगा, जो त्या दिवशी तिळगूळ घेऊन तुमच्या दारात येईल.